मुद्दा तिसरा: व्यापारी स्पर्धा

एकतीस वर्षं मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि एकतीस वर्षं पहिल्या महायुद्धाची कारणं पाच गुणांना विचारली. साम्राज्यवाद, गुप्त करार, व्यापारी स्पर्धा, शस्त्रास्त्रांची शर्यत आणि सगळ्यात शेवटी तात्कालिक कारण, म्हणजे राजपुत्राचा खून. पाच मुद्दे, पाच गुण. मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली दिसली की मी आतला मजकूर वाचतही नसे. तपासायचे गठ्ठेच एवढे असायचे. कुणी आपल्या शब्दांत काही लिहायचा आगाऊपणा केला, तर लाल शाईत शेरा: 'मुद्दे लिहा'. हे मी डोळ्यांत पाणी आणून सांगत नाही. मला राग आलेला आहे, आणि त्यातला बराचसा माझ्याच वाट्याचा आहे, म्हणून आधी सांगून मोकळी होते.

आमच्या माहेरी शिकलेली मी एकटीच. त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही, पोरीला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, बोअर कुठे घ्यायची, सगळ्यावर एकच उत्तर, 'ताईला विचारा.' बोअरमधलं मला काय कळत होतं? पण विचारलं की मी सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

धाकट्या बहिणीला घोटीत दिलेली. तिचे यजमान इगतपुरीला रेल्वेत. एकुलता एक मुलगा सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झाला आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीचा कागद आला तेव्हा त्यात आखाताचं नाव होतं. त्या थंडीत बहीण नवा तांदूळ घेऊन सकाळच्या एसटीने माझ्याकडे आली, सोबत भाचा. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं.

"ताई, तू रोज पेपर वाचती. तिकडं लढाई व्हईल का? याला जाऊ देऊ का नको?"

मी चहा टाकत होते. टाकता टाकता सुरू झाले. दोन महासत्ता एकमेकींवर गुरगुरताहेत हे खरं. (नावं मी घेणार नाही. ज्याला त्याला आपापल्या आवडीची नावं पाठच आहेत.) पण अगं, दोघींचे कारखाने एकमेकींच्या मालावर चालतात. हिचे सुटे भाग ती बनवते, तिचा माल ही विकत घेते. आपल्याच गिऱ्हाइकाला कोण मारतं? आताच्या जगात मोठी माणसं लढत नाहीत, नुसती दम देतात. व्यापारामुळे हात बांधलेले आहेत सगळ्यांचे.

"बघ, मावशी म्हणती ना," भाचा हसून आईला म्हणाला. बहिणीचा चेहरा एकदम सैल झाला. चहा पिऊन, दोन पोळ्या खाऊन ती दोघं दुपारच्या गाडीने गेली. मला आपण काहीतरी मोठं समजावून सांगितल्याचं समाधान वाटलं.

आता जरा वर बघा. मुद्दा तिसरा काय होता? व्यापारी स्पर्धा. एकतीस वर्षं जे मी युद्धाचं कारण म्हणून फळ्यावर लिहिलं, ज्याला मी एक अख्खा गुण दिला, तेच मी माझ्या ओट्यापाशी उभं राहून बहिणीला शांततेची हमी म्हणून सांगितलं. आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. वर्गातलं वर्गात आणि घरातलं घरात, अशी सवयच लागलेली. त्या काळीही शहाणी म्हणवणारी माणसं हेच म्हणत होती, की एवढा व्यापार असताना युद्ध होईलच कसं. मला हे माहीत होतं. पुस्तकात होतं. पण प्रश्न विचारायचा तो मुद्द्यांवर, म्हणून ते वाक्य मी दरवर्षी घाईत वाचून पुढे जात असे.

भाचा गेला आणि चौथ्या महिन्यात आखात तापलं. एका सत्तेने तिथे आरमार आणलं, 'आमच्या जहाजांच्या रक्षणासाठी'. दुसरीने आणलं, तेही रक्षणासाठीच. हिची तोफ दिसली की तिला भीती, तिने भीतीपोटी दोन आणल्या की हिला भीती. मागे फिरायची सोय दोघींनाही नाही, कारण दोघींच्या पाठीशी लहान लहान देश उभे, आणि ते बघताहेत की आपली थोरली घाबरते का. मी टीव्हीसमोर बसून पेपर तपासल्यासारखी एकेक मुद्दा टिक करत होते. करार, झाला. शर्यत, झाली. आता फक्त कुठला तरी आडदांड एक ठिणगी टाकायचा बाकी. आणि रोज दोन्हीकडचे प्रवक्ते इस्त्रीचे कपडे घालून सांगत, आम्ही कमालीचा संयम बाळगत आहोत. मेल्यांनो, संयम बाळगायला आरमार लागतं का?

भाच्याचं जहाज सामुद्रधुनीच्या अलीकडे नांगर टाकून उभं होतं. बहिणीला घरी एकटीला बसवेना, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. मला वाटलं दोष देईल. ती नुसती दिवसभर भाज्या निवडायची, निवडलेल्या परत निवडायची.

मी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाते. तिथे निवृत्त मंडळींचा एक कंपू बाकावर बसतो. बँकेतले, वीज मंडळातले, सगळे सुखवस्तू, सगळ्यांची गुडघ्याची तक्रार. त्या आठवड्यात त्यांच्या अंगात सेनापती संचारले होते. कुणाचं क्षेपणास्त्र किती लांब जातं, कोण कुणाला किती तासांत झोपवेल. आणि एक जण, माझ्याच सोसायटीतले, मांडीवर थाप मारून म्हणाले, "एकदा होऊनच जाऊ दे! रोजची कटकट नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी थांबले.

"काय होऊन जाऊ दे?"

"अहो मॅडम, तुम्ही इतिहासाच्या. तुम्हाला तर माहीतच आहे, मोठ्या युद्धाशिवाय जगाची घडी बसत नाही."

"तुमचा मुलगा कुठे असतो?"

"बंगळूरला. आयटीत."

"मग त्याला बोलवा, आणि पाठवा घडी बसवायला. माझा भाचा तिथे पाण्यात उभा आहे. त्याची घडी कोण बसवणार? तुम्ही? तुम्हाला इथून रिक्षापर्यंत चालवत नाही!"

ते खजील झाले असतील असं वाटत असेल, तर तसं काही नाही. "मॅडम, पर्सनल घेऊ नका," एवढंच म्हणाले. पर्सनल! पर्सनल नाही तर काय असतं युद्ध? मी फेरी अर्धी सोडून परत आले. जिने चढताना लक्षात आलं, की तो माणूस माझ्याच वर्गात बसल्यासारखा बोलत होता. मीही मुलांना असंच शिकवलं होतं, जणू नकाशावर रंग बदलतात आणि खाली कुणी राहत नाही.

दोन दिवसांनी दुपारी भाच्याचा फोन आला. आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. मी फोन स्पीकरवर टाकला. कंपनीने जहाज पुढे न्यायचं ठरवलं होतं. सगळ्यांना एक कागद दिला होता, धोक्याच्या पट्ट्यात जायला तयार आहे किंवा नाही, ज्याने त्याने सही करून सांगायचं. नाही म्हणेल त्याला उतरवून घरी पाठवणार.

"संध्याकाळपर्यंत द्यायचाय कागद. मावशी, काय करू?"

आणि मी, एवढं सगळं होऊनही, सुरू झाले. "हे बघ, सध्याची परिस्थिती अशी आहे की दोन्ही बाजू..."

"ताई, तू थांब," बहीण म्हणाली. तिने उष्ट्या हातानेच फोन आपल्याकडे ओढला. "त्या दिशी म्या तुला दोन गोष्टी इचारल्या व्हत्या. लढाई व्हईल का, आन् याला जाऊ देऊ का नको. तू लढाईचंच सांगत बसली. माझ्या पोराचं तू काय बोललीच नाय."

ती फोनकडे वळली.

"सही करू नको. घरी ये."

"आई, माझ्या जागी दुसरा यील. इंजिन फिटरबिगर चालत नाय."

"यीऊ दे."

"येऊ दे!" मीही मागून म्हणाले. तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले. भाचा बरं म्हणाला. आम्ही दोघी रडलो, मग उरलेलं जेवण जेवलो. मीठ कमी होतं, तेही त्या दिवशी कुणी बोललं नाही.

नंतर मला त्या 'येऊ दे'चा फार राग आला. ट्रॅकवरचे गृहस्थ 'होऊन जाऊ दे' म्हणाले तेव्हा मी त्यांच्या अंगावर गेले. मी काय वेगळं म्हणाले? त्यांचा बंगळूरचा मुलगा सुरक्षित होता, मला घोटीचा हवा होता. बाकी कुणीही जावं. महासत्ता तरी दुसरं काय करतात? आपला माणूस मागे ठेवतात आणि दुसऱ्या कुणाचा तरी पुढे ढकलतात, आणि त्या दुसऱ्याच्या घरीही एक ताट वाढलेलं असतं, याचा विचार करायला कुणाला सवड नसते. हे सगळं मला समजत होतं, आणि तरी भाचा सुखरूप येतोय याचा आनंद काही केल्या कमी होत नव्हता. त्याचाही राग आला.

आठ दिवसांनी तो घरी पोचला. तीन-चार दिवसांनी मी घोटीला गेले. ओटीवर तो मोबाइल घेऊन बसला होता, वाळलेला, दाढी वाढलेली. आईने पेढे आणले होते, मेहुणे ड्यूटीवर जाता जाता गल्लीत वाटून गेले होते. मी पेढा हातात घेतला आणि विचारलं, तुझ्या जागी कोण आलं?

बिहारचा एक मुलगा, त्याने सांगितलं, याच्याच वयाचा. याला जिथे उतरवलं त्याच बंदरात तो दुसऱ्या जहाजाची वाट बघत बसला होता. दोघांना कामाची देवघेव करायला एक तास मिळाला. कुठला पंप गळतो, कुठली झडप हाताने दाबावी लागते, ते याने त्याला दाखवलं. त्याने याला आपल्या आईचा नंबर दिला, म्हणाला, माझ्याकडे रेंज नाही, तू पोचलास की सांग, मी जहाजावर चढलो. याने मुंबईत विमानातून उतरल्या उतरल्या ते सांगितलं. त्यानंतर जहाज पट्ट्यात शिरलं. याने त्या मुलाला रोज मेसेज टाकला होता. सगळ्यांपुढे एकच टिक.

टीव्हीवर त्या सकाळी दोन मालवाहू जहाजं पेटल्याची बातमी होती. नावं दिली नव्हती.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. हात पदराला पुसत आली आणि म्हणाली, "त्याच्या आईला फोन लाव."

"काय बोलशील, आई?"

"ते मी बघंन. लाव तू."

त्याने लावला. पलीकडे दोनदा वाजला असेल नसेल तोच उचलला गेला. बहिणीला हिंदी येते ती बाजारापुरती. ती फोन दोन्ही हातांत धरून ओरडूनच बोलली, "हॅलो, मैं जहाज के फिटर की माँ बोलती."

पलीकडून त्या बाईचा आवाज फुटला. 'जहाज' एवढाच शब्द ऐकला होता, फोन आपल्याला आला होता, तिला दुसरं काय वाटणार?

"मेरा लड़का? मेरा लड़का ठीक है ना? बोलिए ना, ठीक है ना?"

बहिणीने भाच्याकडे बघितलं. भाच्याने मान खाली घातली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी हातातला पेढा खाली ठेवला.

"हां," बहीण म्हणाली. "ठीक है. एकदम ठीक है."

ती बाई तिकडे रडत देवाचं नाव घेत राहिली, आणि बहीण इकडे मान हलवत हां, हां म्हणत राहिली. जहाजाची कसलीही खबर आमच्याकडे गेले तीन दिवस नव्हती.