हळदीचा पिवळा दोरा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर तर मी उभं राहून खोटं बोलले. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि आता हे पोटात राहत नाही.

मी प्रस्ताव लिहिते. परभणीत भाड्याच्या खोलीत बसून, सामाजिक संस्थांसाठी. संस्था कामं करतात, कंपन्या आणि ट्रस्ट त्यांना निधी देतात, आणि दोघांच्या मध्ये जो कागद फिरतो तो माझा असतो. आमच्या जिंतूरकडच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, आईला सही येत नाही, आणि माझं इंग्रजी वाचून मुंबईचे साहेब विचारतात, "मॅडम, मूळच्या पुण्याच्या का?" जिंतूर तालुक्याची, असं मी ठासून सांगते. याचा मला अभिमान आहे. आजही आहे.

आणि चीडही आहे. शेळीच्या पोटावर नुसता हात ठेवून जिला दुखणं कळतं, त्या बाईनं मदत मागायची ती इंग्रजीत, संगणकावर, दीडशे शब्दांत! सोबत नोंदणीचा दाखला, तीन वर्षांचं ऑडिट. आणि तो एक रकाना—'तुमच्या कामात नावीन्य काय?' जिथं जनावरांचा दवाखाना वेळेवर उघडा सापडत नाही, तिथं यांना दरसाल नावीन्य पाहिजे. हे फॉर्म काढणाऱ्यांनी जन्मात कधी शेळीचा कान तरी धरलाय का? हे मी कार्यशाळांमध्ये बोलते. टाळ्या पडतात. बाकीचं बोलत नाही—ते हे.

गौकर्णाबाई माझ्याकडे आल्या त्या चुडाव्याहून रेल्वेनं. स्टेशनापासून आत, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांच्या वस्तीवर त्यांचं घर. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून त्या लस टोचायला शिकल्या होत्या, मग वस्तीतल्या बायांना शिकवलं, गट केला. कुठल्या शेळीला कुठली लस झाली हे लिहून ठेवायला कुणाला येत नव्हतं, म्हणून गळ्यात दोरा. आंत्रविषाराच्या लसीला हिरवा, पीपीआर या साथीच्या रोगाला लाल, देवीच्या रोगाला पिवळा. मी विचारलं, वही का नाही ठेवत? कुणाकडून तरी लिहून घ्यायचं.

"कागद शेळी खाती, मॅडम. सोताच्या गळ्यातला दोरा तिला खाता येत न्हाई."

मी हसले. आणि पिवळाच का, तेही विचारलं. "त्या दिशी दुकानात काळा मिळंना. पोरीच्या लग्नातला हळदीचा दोरा घरात व्हता, तोच बांधला. मग तीच रीत पडली."

त्यांना हवा होता एक फ्रीज. बस्स. लस गरम झाली की वाया जाते, आणि दर वेळी ती लांबून बर्फात घालून आणावी लागायची. "त्याच्यावर गटाचं नाव पायजे बरं का," त्या म्हणाल्या, "न्हाईतर सरपंच सोताचं टाकून मोकळा हुईल." मी सगळं वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या गटाची नोंदणी नव्हती. म्हणजे त्यांचा प्रस्ताव कुठंच दाखल होऊ शकत नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. सांगितलं का? नाही. का नाही? माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे असायचं—शिकलेली बाई आहे, ही करील—ते मला गोड लागत होतं. तीनदा त्या आल्या. तीनदा मी म्हटलं, काम चालू आहे.

मग एका मोठ्या संस्थेचा शेळ्यांच्या लसीकरणाचा प्रस्ताव लिहायला आला. मुदत जवळ. नावीन्याचा रकाना कोरा. आणि टेबलावर माझी वही.

मला सुचलं, असं म्हणणार होते. सुचलं नाही. मी उचललं. रंगांसकट उचललं, फ्रीजसकट. आधी एक ओळ घातलीही होती, की ही पद्धत अमुक वस्तीवरच्या बायांच्या गटाची आहे. ती मी खोडली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या रकान्यात दुसऱ्याचं नाव आलं की आपलं नावीन्य कसलं?

प्रस्ताव मंजूर झाला. गौकर्णाबाईंना मी फोनवर सांगितलं, तुमचा नामंजूर झाला. नामंजूर! तो माझ्या खोलीबाहेर गेलाच नव्हता. आणि पलीकडून त्याच मला समजावत होत्या—"असू द्या मॅडम, तुमी लय कष्ट घेतले."

पुढच्या साली पिंगळीला प्रशिक्षण ठेवलं. गावोगावच्या बाया जीपनं आणल्या. नावांची यादी संस्थेनं केली होती, मी वाचलीही नव्हती. दारातच गौकर्णाबाई भेटल्या. "औंदा लस वाटंतच गरम झाली, मॅडम. करडं गेली माझी." आणि वर, "बरं झालं तुमी हितं हाव, वळखीचं माणूस घावलं." त्या गटातल्या एका बाईसोबत दुसऱ्या रांगेत सतरंजीवर बसल्या. पडद्यावर शेळीचं चित्र आलं. गळ्यात तीन दोरे.

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. पण त्यांचा हात वर गेलेला दिसला.

"सायेब, पिवळाच का?"

प्रशिक्षक अडखळले. हसून माझ्याकडे बोट केलं—प्रस्ताव मॅडमचा आहे, त्याच सांगतील.

हे उत्तर अख्ख्या जगात कुणाला ठाऊक होतं, सांगा? त्यांच्या वस्तीला आणि मला. एका मुलीच्या लग्नात उरलेला दोरा—कुठल्या विद्वानाच्या अभ्यासातून तो निघाला असता? त्यांनी प्रश्न नव्हता विचारला. खरं सांगायला मला जागा करून दिली होती. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसलेले. मी उभी राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "अभ्यासाअंती असं आढळलं, की पिवळा रंग लांबून ठळक दिसतो."

फॉर्म वाईट आहेत. आजही म्हणते, शंभरदा म्हणीन. पण त्या घडीला कुठला फॉर्म माझं तोंड दाबून बसला होता?

शेजारची ती बाई ताडकन काहीतरी बोलायला निघाली. गौकर्णाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबला. "असंल," त्या म्हणाल्या. "अभ्यास केलाय म्हणल्यावर असंल." आणि दुपारभर त्या पुढं तोंड करून बसल्या. त्यांचीच रीत त्यांना शिकवली जात होती, आणि त्या मान हलवत होत्या.

फ्रीज आला. संस्थेच्या कार्यालयात आहे. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्यात पाण्याच्या बाटल्या होत्या.

प्रशिक्षणाच्या त्या संध्याकाळी हजेरीपट फिरला. तो नमुनाही माझाच. अंगठ्यांसाठी शाईची डबी घेऊन मी दाराशी उभी होते, कारण माणसं कमी होती. गौकर्णाबाईंनी कागदावरच्या शब्दावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

"लाभार्थी."

"म्हंजी?"

"ज्याला फायदा झाला तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मग हितं तुमचं नाव पायजे व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. तोवर मी त्यांची मॅडम होते.

मागं बायांची रांग खोळंबली होती. मी डबी पुढं केली. त्यांनी अंगठा बुडवला, माझ्या शब्दाखाली उमटवला, उरलेली शाई केसांना पुसली आणि जीपकडे गेल्या.