इंग्लंडचा तीन

आमच्या मोटारसायकलच्या आरसी बुकात तीन मालकांची नावं होती. पहिलं एका इंग्रजाचं. तो माझगावला फोरमन होता. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतून त्याने ही घेतली आणि मायदेशी जाताना विकून टाकली. दुसरं एका डॉक्टरांचं. तिसरं बाबांचं, आणि ते तीसेक वर्षं टिकलं होतं. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, बनावट बर्मिंगहॅमची. वरचा काळा रंग खरवडला की खालून लष्करी हिरवा निघायचा. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे कोणी हौसेने चालवायला नेली तर दोन मिनिटांत परत आणून द्यायचा.

बाबा गोदीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर आम्ही नेरुळच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सामानाची यादी मी केली. गाडी एक नंबरला. दोन नंबरला तिचे पाने, कारण तिच्या नटांना बाजारातले मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, जुन्या इंग्रजी मापाचे लागतात. आईने यादी वाचली आणि विचारलं, "देव कितवे?" बघितलं तर सदतिसावे.

मी तेव्हा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. पस्तिशी आली होती, लग्न केलं नव्हतं. घरची बाहेरची सगळी कामं माझ्याकडे आणि प्रत्येक कामाची यादी माझ्या वहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या वहीत एक काम आलं: गाडीचं पासिंग. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी आरटीओकडून पुढे वाढवून घ्यावी लागते. ती झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि मग तिला भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही.

बाबांचा उजवा हात त्याआधीच हलायला लागला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. तरी रविवारी सकाळी ते गाडी काढून सारसोळ्याच्या खाडीपर्यंत जायचे आणि मासळी घेऊन यायचे. मला म्हणाले, "एवढं एक पासिंग होऊ दे. पाच वर्षं मला पुष्कळ झाली. माझ्या नावावर, चालू हालतीत राहू दे. मोडीत नाही जायची ती."

मी वहीत एकोणीस ओळी लिहिल्या. वायरिंग, ब्रेकचे लायनर, सायलेन्सर, टायर. अकरावी ओळ अशी होती: इंजिनाचं बाहेरचं कव्हर, बफिंग, पूर्ण, एकही खड्डा नको.

ही ओळ कोणी मागितली नव्हती. धातू मशीनवर घासून घेतला की गाडी इन्स्पेक्टरसमोर चकचकीत दिसेल, हा माझा विचार. गाडीचं काम शिरवणे गावातल्या मिस्त्रीकडे दिलं होतं, त्याने इंजिन उघडलं होतंच. मी खालच्या ॲल्युमिनियम केसचे दोन्ही भाग पिशवीत घातले आणि कारखान्यामागच्या बफिंगवाल्याकडे दिले. यादीतली ओळ त्याच्या भिंतीवर चिकटवली. चौथ्या दिवशी केस आरशासारखी होऊन आली.

बाबांनी ती मांडीवर घेतली. डाव्या भागावर, सिलिंडर बसतो त्याच्या खाली, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खिडकीजवळ जाऊन बघितलं.

"नंबर कुठंय?" त्यांनी विचारलं.

इंजिन नंबर तिथे ठोकलेला होता. पन्नास वर्षांत झिजून उथळ झालेला. मी बफिंगवाल्याकडे धावत गेले. तो म्हणाला, "दीदी, आपने ही लिखा है ना, एक भी खड्डा नहीं. वो सब घिस दिया. टाइम लगा उसमें."

त्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "अर्ज करू. झालं ते खरं लिहू. बुकात नंबर आहे, चॅसीवरचा नंबर शाबूत आहे. ते परवानगी देतील, मग त्यांच्यासमोर ठोकू."

"बाबा, त्याला सहा महिने लागतील. तारीख आठ दिवसांवर आहे."

"लागू देत. त्यांच्या परवानगीशिवाय नंबर ठोकायचा नसतो."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. अक्षर इतकं हललं होतं की मी तो टाईप करून आणते म्हटलं आणि घेऊन गेले. तो मी दिला नाही. बाबांना सांगितलं, दिला, आणि आरटीओवाले म्हणाले गाडी घेऊन या, चॅसी नंबरवर बघू. आयुष्यात मी बाबांशी इतकं सरळ खोटं दुसऱ्यांदा बोलले नाही.

आमच्या स्टोअरमध्ये आकडे ठोकायच्या पंचांचा डबा होता. मी रजिस्टरमध्ये न लिहिता तो पर्समध्ये घातला आणि जेवणाच्या सुट्टीत शिरवण्याला गेले. मिस्त्री गावचाच, बापाच्या भातखाचरावर नवी मुंबई उभी राहिली तेव्हा पाना हातात घेतलेला. डबा बघूनच त्याने हात मागे घेतले.

"नाय ताय, मी नाय ठोकनार. तुझा बापूस मना उभा कापील."

"त्यांना कळणार नाही."

"फिटर मानूस हाय तो. त्याला नाय कलनार तर कोनाला कलंल?" मग तो उठला. "मी च्या प्यायला जातो. मी काय बघलं नाय."

मी पट्टी लावून रेघ मारली आणि बुकात बघून एकेक आकडा ठोकला. सहा आकडे, सहा घाव. एका ओळीत, सारख्या अंतरावर. वर काळं ऑईल चोळलं. इंजिन फ्रेममध्ये बसलं की ती जागा वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि बाबांना वाकता येत नव्हतं. वहीत मी अकराव्या ओळीसमोर टिक केली.

पासिंगच्या दिवशी बाबांनी गाडी स्वतः चालवत नेली. इस्त्रीचा शर्ट, खिशात आरसी बुक. मैदानात रिक्षा आणि टेम्पोंची रांग होती आणि जो तो आमच्या गाडीकडे बघत होता. इन्स्पेक्टरसुद्धा खूष झाला. "काका, ही तुमच्यापेक्षा म्हातारी का तरुण?"

"तब्येत तिची बरी आहे," बाबा म्हणाले.

नंबर तपासायची तेव्हा एकच पद्धत होती. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उमटतात. चॅसीचा कागद ठीक निघाला. इंजिनाचा कागद काढून इन्स्पेक्टर बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ऑईल पुसलं आणि नखाने आकडे चाचपले.

"काका, हा तीन बघा. गोल आहे. त्या काळच्या या इंग्लिश गाड्यांचा तीन वरून सपाट असतो. मी दहा तरी बघितल्या आहेत. हा तीन इंग्लंडचा नाही." त्याचा आवाज बदलला होता. "हा नंबर कोणी ठोकला?"

बाबांनी कागद हातात घेतला. कागद थरथरत होता. त्यावरचे सहा आकडे एका ओळीत होते, सारख्या अंतरावर. बाबांनी ते वाचले आणि मग माझ्याकडे बघितलं, पुरतं एक सेकंदही नाही.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी ठोकला," बाबा म्हणाले.

इन्स्पेक्टरने त्यांच्या हाताकडे बघितलं. त्या हातातून असे आकडे पडणार नाहीत हे त्याला दिसलं असणार. पण माणूस कबूल करत होता आणि मागे रांग होती. त्याने लिहून घेतलं. बाबांनी सही केली, ती दोन ओळींत पसरली.

गाडी चोरीची असल्याचा संशय म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गेली. रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले: "पंच कारखान्याचे आहेत ना? आधी जागेवर ठेव. तुझी नोकरी आहे."

मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. दर सोमवारी बाबा आवाराच्या कुंपणापर्यंत जायचे. हात लावायची परवानगी नव्हती. ताडपत्री नेली, तीही परत पाठवली. घरी येऊन ते सांगायचे आणि मी लिहायचे. कार्बोरेटर चोरीला गेला. मॅग्नेटो गेला. सीटची एक स्प्रिंग. पेट्रोलची टाकी. ती माझी सर्वांत नीट ठेवलेली यादी आहे, प्रत्येक वस्तूसमोर सोमवारची तारीख.

आईला अर्थातच तेच माहीत होतं जे कागदावर होतं. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. गोदीतून एक खिळा आणला नाही म्हणून सांगायचात. आणि म्हातारपणी नंबर ठोकलात? सोसायटीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत." हे एकदा नाही. जेवताना, औषध देताना, समन्स आलं की. बाबा म्हणायचे, "चुकलं." मी शेजारी बसलेली असायचे. आज बोलू, उद्या बोलू. आधी नोकरीचं कारण होतं, मग केसचं, मग बाबांच्या तब्येतीचं. दुसऱ्या पावसाळ्यात बाबा गेले. केस चालूच होती.

गाडी सोडायचा कागद त्यानंतर चार महिन्यांनी आला. वारस म्हणून मी सही केली. आवारात फ्रेम, पुढचं चाक आणि गंजून धरलेलं इंजिन उरलं होतं. शिरवण्याचा मिस्त्री टेम्पो घेऊन आला होता. त्याने किक दाबून बघितली, जागची हलली नाही. "काय नाय ऱ्हायलं ताय," तो म्हणाला. आम्ही ती तिथूनच भंगारवाल्याकडे नेली. त्याने ॲल्युमिनियम वेगळं काढायला इंजिनावर घण घातला. केस तिसऱ्या घावाला फुटली. मी ठोकलेले आकडे दोन तुकड्यांत गेले.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गेली एकदाची. त्या नंबरापायी शेवटी नाव घालवून बसले."

"नंबर मी ठोकला होता," मी म्हणाले.

तिने ताट बाजूला ठेवलं. मी सगळं सांगितलं, बफिंगपासून, क्रमाने. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना रोज बोलत होते."

तिने ताट पुन्हा मांडीवर ओढलं. निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत मिसळून गेले होते. ती पहिल्यापासून निवडायला लागली. मी समोर बसले आणि दुसऱ्या बाजूने हात लावायला गेले, तर तिने ताट वळवून घेतलं.