वीतभर खोल मेढ

समजा, तुम्हाला एका गच्चीवर नेऊन सोडलंय. गच्ची बाराशे चौरस फुटांची, वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, ऊन डोळ्यांत घुसतंय. हातात छोटा हातोडा आणि खडू. खालच्या एका खोलीत पावसाळाभर छत गळलंय आणि पाणी कुठून शिरलं ते तुम्ही सांगायचंय. जिथं ठिबकतं त्याच्या बरोबर वर तुम्ही जाऊन उभे राहाल. सगळेच राहतात. तिथं काही नसतं. पाणी कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवर गळती रोखायला घातलेल्या थराच्या, पोटात शिरतं, उतारानं फिरतं आणि सोयीची जागा मिळाली की खाली पडतं. म्हणून तुम्ही खडूनं चौकोन आखता आणि एकेका चौकोनावर हातोडा वाजवत जाता. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर फुली.

संघप्रिया गेली चार वर्षं हेच करते. तुर्भ्याला राहते, सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. लोकांच्या गच्च्या तपासून ती रिपोर्ट देते. रिपोर्टात तीन गोष्टी असतात: काय बिघडलं, कशानं बिघडलं आणि आता काय करावं. पहिली आणि तिसरी लोकांना आवडतात. दुसरीवरून भांडणं होतात.

डिसेंबरात तिला शेजारच्या शिरवणे गावात धर्मराजकाकांनी बोलावलं. काका एके काळी भातशेती करायचे, आता चार मजली घराचे मालक. वरच्या मजल्यावर थोरला मुलगा प्रीतम आणि सून निशिगंधा राहतात. गळत होतं ते त्यांच्याच खोलीत, कपाटावर. निशिगंधानं पावसाळाभर कपाटावर परात ठेवली होती आणि परात भरली की शांतपणे ओतून येत होती.

काकांचं निदान आधीच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी कोबा सयाजी मिस्त्रीनं केला, दहा वर्षांची गॅरंटी दिली, आणि तिसऱ्याच पावसाळ्यात छत गळलं. हे त्यांनी आळीत सगळ्यांना सांगितलं होतं. परिणामी सयाजीची ठरलेली तीन घरं हातची गेली. चौथं घर संघप्रियाच्या रिपोर्टाची वाट बघत होतं. सयाजी त्या दिवशी न बोलावता आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसा.

"मॅडम, मिस्त्रीचं नाव लिवा न् मोकळ्या व्हा," काका प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हणाले. "चौकोन कशाला मोजता?"

संघप्रियानं चौकोन मोजले. एकशे अठरा भरले. एकशे सतरा टणक वाजले. राहिलेल्या एकात, मधोमध, थाळीएवढा गोल होता. तिथले तुकडे इतरांपेक्षा जास्त पांढरे होते आणि घाईत बसवल्यासारखे दिसत होते.

हे काय, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, ते तसंच हाय. चहा घेऊन आलेल्या सरस्वतीकाकी कपाकडे बघत राहिल्या. सयाजीनं मान वर केली.

संघप्रियानं त्या गोलाभोवती सिमेंटचं बोटभर उंच आळं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात नीळ कालवलेलं पाणी भरलं. संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला. तिनं फक्त इतकंच सांगितलं की परात निळी झालीय. गोलापासून कपाट अकरा फूट लांब होतं.

मग घरच्यांच्या परवानगीनं गोल फोडला. आत एक सुपारी आणि रुपयाचं नाणं निघालं. काकींनी नाणं कपाळाला लावून कनवटीला खोचलं आणि मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी प्रीतमचं लग्न झालं. मांडवाची मुहूर्तमेढ रोवायला खाली माती कुठेच उरली नव्हती. अंगणात लाद्या, गल्लीत काँक्रीट. मांडव गच्चीवर घातला, आणि मेढ काही टेकवून ठेवत नाहीत, ती रोवतात. म्हणून छिन्नीनं भोक पाडलं, वीतभर. लग्न झाल्यावर काकांनी स्वतः घमेलंभर सिमेंट ओतून ते बुजवलं.

संघप्रियानं टेप लावली. नऊ इंच. कोबा साडेचार, स्लॅब साडेपाच. म्हणजे निशिगंधाच्या खोलीपर्यंत एक इंच शिल्लक होता.

आजही पायरीवर येऊन बसलेला सयाजी इतकंच म्हणाला, "ताई, गॅरंटीच्या कागदावर लिहिलंय, गच्चीला खिळापण मारायचा नाही."

"खिळा कुठं मारला?" काका म्हणाले. मग त्यांनी संघप्रियाला बाजूला घेतलं. ‘मॅडम’ची एकदम ‘पोरी’ झाली. "पोरी, आमच्या पोराच्या लग्नाची मेढ हाय ती. तिला लीकेजचं कारन म्हनून लिवशील? ओल हाय येवडंच लिव."

संघप्रियानं सांगितलं की कारण न लिहिलेला रिपोर्ट म्हणजे ओलीचं वर्णन. ते तर निशिगंधा फुकट करते. आणि कारण लिहिलं नाही तर आळीत ते सयाजीच्याच नावावर राहणार.

काका तोंड फिरवून टाकीकडे बघत राहिले. शेवटी काकी म्हणाल्या, "भोक पाडाया मीच लावलं. मिस्त्रीचा काय दोष? लिव गो."

तिनं लिहिलं. एकशे सतरा चौकोन निर्दोष, काम चांगलं, कारण मांडवाचं भोक. सयाजीनं त्या पानाचा फोटो काढून घेतला, दोनदा, पहिला हलला होता. चौथ्या घरी दाखवायला तो तसाच निघाला. चहा राहिलाच.

उरलं, आता काय करावं. फेब्रुवारीत धाकट्या सनीचं लग्न होतं आणि मेढ पुन्हा रोवायची होती. संघप्रियाच्या घरची लग्नं बुद्धवंदनेनं लागतात, मेढ तिनं कधी जवळून पाहिली नव्हती. तिनं सुचवलं, लोखंडी ड्रममध्ये माती भरा, मेढ त्यात रोवा, स्लॅबला हात लावू नका. ड्रम किती उंच घ्यायचा, हे लिहायला तिला माप हवं होतं. काका म्हणाले, वीतभर रोवायची हे सरस्वतीनं सांगितलं. काकी म्हणाल्या, गोजराआजींनी. गोजराआजी म्हणजे गावातल्या लग्नांत धवले गाणारी, विधी सांगणारी धवलारीण. त्यांचा शब्द शेवटचा. काकींनी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मी कवा बोलली वीतभर?" आजी म्हणाल्या. "मी बोलली, मेढ हलता नये. बास."

फोन ठेवल्यावर संघप्रियानं ड्रमच्या उंचीचा रकाना रिकामाच सोडला. काकांनी सांगितलं नाही, काकींनी नाही, आजींनी तर नाहीच. मग ही वीत आली कुठून?