जित्या बाईच्या नावाची घागर

भावात मला आयुष्यात एकाच माणसानं हरवलं, आणि तेही बाजारात नाही. तो माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दुसरबीडच्या रस्त्याला माझं पत्र्याचं दुकान होतं. त्याआधी मी खांद्यावर गाठोडं टाकून खेडोपाडी हिंडत असे. शेत नाही, घर नाही, मागे कोणी नाही. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. दुकानात नवं काही नसे. शेगावच्या लॉजवाल्यांनी काढून टाकलेल्या झोळ पडलेल्या खाटा, काड्या मोडलेल्या छत्र्या, मूठ निघालेले विळे, चिरा गेलेल्या परड्या, असलं सामान मी भांडून भांडून आणायचो. मग ते नीट करून विकायचं. भांडायचं काम माझं, नीट करायचं बायकोचं.

तिला मोडलेली वस्तू बघवत नसे, पण घाईही सहन होत नसे. खाट विणायला घेतली की जुनी दोरी कापायची नाही. गाठ न् गाठ नखांनी सोडवायची.

"सुरी लाव न," मी ओरडायचो. "गिऱ्हाईक कवाचं उभं हाये."

"मंग उभंच राहू द्या," ती मान वर न करता म्हणायची. "खाट झाल्याबिगर बसन तरी कशावर?"

गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेल्या गिऱ्हाइकाशी भावात ताणता येत नाही. माझं असं नुकसान तिनं पुष्कळदा केलं.

उन्हाळा हा आमचा दुरुस्तीचं सामान गोळा करायचा मोसम. गावामागे एक बरडी आहे, खडकाळ टेकडी, पावसाळा सोडला तर तपकिरी. चैत्र लागला की तांबडं फुटायच्या आत आम्ही निघायचो. नाला कोरडा पडलेला असे, त्याच्या पात्रातूनच वाट. धावड्याच्या खोडावर डिंकाचे थेंब वाळून काचेसारखे झालेले असत, ते खुडायचे. पळसाच्या मुळ्या उकरायच्या. घरी आणून कुटल्या की त्यांचा वाक निघतो आणि त्याची दोरी चिवट होते. पळसाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर लाख धरलेली असे, ती खरवडून पदरात बांधायची. डिंक लाकडाला, वाक खाटेला, लाख विळ्यांच्या मुठींना. विकत काही आणायचं नाही, हे मला पटत होतं. पण एवढ्यासाठी एवढं हिंडायचं, हे पटत नव्हतं.

कारण ती सरळ चालायचीच नाही. मोहाखाली फुलांचा सडा दिसला की थांबायची. बहाव्याचं पिवळं झुंबर दिसलं की त्याच्याखाली जाऊन वर बघायची. मी मात्र रस्ताभर बोलत असे. कोणी मला फसवलं, कोणाला मी सोडणार नाही.

"जरा चूप राहाजा," ती म्हणायची. "तुमच्या आवाजानं तितरं उडून राह्यले."

"तितरं का मले सामान देतेत?"

"न देऊ द्या. पन ते तुमचं काई घेत बी नाईत."

वर पोचलो की ती एका सालईच्या बुंध्याशी टेकून बसायची आणि दक्षिणेकडे बघायची. खाली, उन्हाच्या धुरकटात, एक गाव दिसायचं. देवळाचा कळस आणि त्याच्या शेजारी एका कडूनिंबाचा मोठा घेर. तो निंब तिच्या माहेरच्या दारातला. चालत गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढंच ते लांब. पण ती वाट तिला बंद होती.

तिचे आईबाप ती लहान असताना गेले. भावानंच तिला वाढवलं. त्यानं तिचं लग्न चांगल्या वावरवाल्याच्या घरी ठरवलं होतं, आणि ती मात्र दारावर गाठोडं घेऊन येणाऱ्या माझ्या गळ्यात देवळात हार घालून निघून आली. गावात भावाची मान खाली गेली, हे मला कळतं. पुढे त्यानं जे केलं, ते कळत नाही.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेराहून मुराळी जातो. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची कोरी घागर पाण्यानं भरतात, वर डांगराचं फळ ठेवतात आणि पुजतात. जित्या लेकीला बोलावणं आणि मेलेल्याला पाणी, दोन्ही एकाच सणात.

लग्नानंतरची पहिली आखाजी आली. ती सकाळपासून हातातलं काम घेऊन दाराशी बसली होती. मुराळी आला नाही. पुढच्या बाजाराला मात्र तिच्या माहेरची एक म्हातारी शेजारीण एस.टी.नं आली, मांडीवर एक घागर घेऊन. बसच्या हिसक्यांनी घागर पोटाशी तडकली होती.

म्हातारी पाणी प्यायली आणि म्हणाली, "काय सांगू माय. तुह्या भावानं आईबापाच्या घागरी भरल्या आन बाजूले ही एक. म्या पुसलं, ही कोनाची? तं म्हने, बहिनीची. पूजा झाली आन मलेच देली. आता जित्या मानसाच्या नावाचं पानी माह्या घशाखाली उतरन का वं? मनलं, जिची हाये तिलेच नेऊन द्याव."

माझ्या हातात खाटेचा सुटलेला पाय होता. तो तसाच घेऊन मी रस्त्याकडे निघालो. माझ्या पाठीमागून बायकोचा आवाज आला, आणि त्या आवाजात हसू होतं.

"कुठं चालले? बसा खाली. माह्या नावानं पानी तं भरलं नं त्यानं. इसरून गेला असता, तं काय केलं असतं?"

तिनं म्हातारीला जेवू घातलं, बसमध्ये बसवून दिलं. मग घागर मांडीवर घेऊन चिरेवरून बोट फिरवत बसली. मी म्हणालो, फोडून टाक. मातीच्या घागरीला कोणी सांधतं का? नवी आणली तर कुंभार एखादं झाकण फुकट देतो.

"फुटली हाये," ती म्हणाली. "मेली नाई."

मग तिनं जे केलं ते मी रोज बघत होतो आणि रोज चिडत होतो. आधी घागर उन्हात ठेवली, आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत. मग आम्ही बरडीवर गेलो, आणि त्या दिवशी तिनं डिंकाकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त लाख. घरी लाख धुतली, निवडली, निखाऱ्याशी धरली. निखाऱ्यावर नाही, निखाऱ्याशी. त्यात विटेची भुकटी कपड्यातून गाळून घातली. चिरेच्या दोन्ही कडा शेकल्या आणि काडीच्या टोकानं लाख आत भरत गेली. थोडी भरायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा थोडी. दुकानात मूठ निघालेले विळे पडून होते, पेरणीच्या आधीचा बाजार तोंडावर होता. मी बोललो ते तिनं ऐकलं नाही. शेवटी घागरीच्या पोटावर एक काळपट लाल रेघ उरली, वेडीवाकडी, कोणी करगोटा बांधल्यासारखी.

पहिल्यांदा पाणी भरलं आणि संध्याकाळी पाहिलं तर पाणी खाली गेलेलं. कुठूनतरी बारीक पाझरत होती. आखाजीच्या घागरीतलं पाणी कमी झालं की आमच्याकडे म्हणतात, माणूस येऊन पिऊन गेलं. ती घागरीत वाकून बघत म्हणाली, "पाहा, मीच पेली असन."

ती हसली, म्हणून मीही हसलो. मग मी बाहेर जाऊन बराच वेळ छत्रीच्या काड्या उगाच वाकवत बसलो.

त्या घागरीतलंच पाणी आम्ही प्यायचो. भावानं घागर भरणं सोडलं नाही. दर आखाजीनंतर म्हातारी बाजाराला येऊन नुसती मान हलवायची, आणि आम्हाला कळायचं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. गावातल्या बाया म्हणत, मेलीच्या नावाचं पाणी जितीच्या घरात, तर काय होणार. हे तिच्याही कानावर होतं. तरी दर आखाजीच्या सकाळी ती दाराशी काम घेऊन बसायची. काम निवडायचीही असं की दिवसभर उठावं लागू नये. मी तिला कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशी एस.टी. थांबली की तिचे हात थांबत.

मग एका उन्हाळ्यात ती बरडीच्या निम्म्यावर खाली बसली. धाप लागली होती, ओठ काळे पडले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरनं नळी लावून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काळीज मोठं झालंय, चढ बंद, जड उचलणं बंद, आणि फार आशा धरू नका. मी त्याच्याशीसुद्धा घासाघीस केली. म्हटलं, दुसरं औषध असेल, जास्तीचं असेल, मुंबईचं असेल. तो चांगला माणूस होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की सौदा संपला.

घरी आल्यावर ती एकदाच म्हणाली, "औंदा बी वरून निंब दिसत असन न?"

आखाजी जवळ आली होती. मी दुकान बंद केलं आणि तिच्या माहेराला गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच. भाव करताना आपला आकडा आधी सांगायचा नाही, हे मी कोणालाही शिकवीन. त्या दिवशी मी जे होतं ते सगळं आधीच सांगून टाकलं. मेहुणा ओसरीवर सुपारी कातरत होता. त्यानं मला बस म्हटलं नाही.

"ती लई दिवसांची नाई," मी म्हणालो. "तुमी नका येऊ. कोनालेबी मुराळी म्हनून पाठवा. एक रात इथं निजू द्या तिले. मी येनार नाई, मी तोंड दाखवनार नाई. म्हनान तं दुसरबीड सोडून जातो."

तो सुपारी कातरतच राहिला. "अजून बी भावच करून राह्यला का बे तू?"

"हाव. करून राह्यलो."

"मुराळी जित्यासाठी जात असते," तो म्हणाला. "मी एवढे साल जिची घागर भरली, तिले आता कोन्या तोंडानं घरात घेऊ? लोकाइले काय सांगू, का मी खोटी भरली?"

माझं डोकं कसं आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पण त्या दिवशी हात उचलला गेला नाही, शिवीही आली नाही. आत दाराआड त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मी निंबाखालून निघून आलो.

घरी ती उशीला टेकून सूप नीट करत होती. कडेची सुटलेली पट्टी वाकानं बांधत होती.

"गेलते न?"

"हाव."

"घरात घेतलं?"

"ओसरीवर."

ती थोडा वेळ बांधत राहिली. मग म्हणाली, "निंब?"

"हाये. मोहोरला हाये."

"वास येत असन," ती म्हणाली. आखाजीच्या दिवशी तिनं खाट दाराकडे ओढायला सांगितली नाही, तेव्हा मला समजलं की तिला उत्तर कळलं होतं.

ती श्रावणात गेली. बाई अहेवपणी गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. माहेर नसलं तर शेजारपाजार घालतो, आणि शेजारणींनी आणलीही होती. इतक्यात ती म्हातारी भिजत आली, आणि तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं होतं. "तुह्या साळ्यानं देलं," म्हणाली. "सोता वेशीपाशी उभा हाये. पाय उचलत नाई म्हनते."

मला ते लुगडं चिखलात फेकायचं होतं. वेशीवर जाऊन त्याची गचांडी धरायची होती. पण ती इतकी वर्षं त्या घरातून काहीतरी येईल म्हणून दाराशी बसली होती, आणि हे आलं होतं. मी आयुष्यात कुठली वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. ते लुगडं मी न उघडता घेतलं आणि बायांच्या हाती दिलं. वेशीवर मी गेलो नाही. तोही आत आला नाही.

आता तिच्या नावानं दोन गावांत पाणी भरतात. त्याची घागर आता खरी झाली, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याच्याकडची घागर दरसाल कोरी असते, रिवाजाप्रमाणे. माझ्याकडे तीच आहे, लाखेच्या रेघेची. लोक म्हणतात, जुनी घागर चालत नाही. मी म्हणतो, तुमच्यात चालत नसेल.

उन्हाळ्यात लाख मऊ पडते आणि रेघ जागोजाग उकलते. म्हणून आखाजीच्या आधी मी एकटा बरडीवर जातो. रस्त्यानं बोलायला कोणी नाही, त्यामुळे तितरं उडत नाहीत. वर सालईशी बसून मी दक्षिणेकडे पाठ करतो. लाख आणून निखाऱ्याशी धरतो, पण माझा हात पुढे जातोच; लाख फसफसते, जळकी होते, नीट बसत नाही. मग मी ती खरवडून पुन्हा करतो.

आखाजीच्या सकाळी घागर काठोकाठ भरून दाराशी ठेवतो आणि तिच्यासारखा तिथंच काम घेऊन बसतो. संध्याकाळी पाणी खाली गेलेलं असतं. कुठून पाझरलं, ते मी शोधत नाही.