नुसतं बघायला आलेली माणसं

नात पाहुण्यांच्या खोलीपुढे मोहाची फुलं वाळत घालते. त्या गोड वासाने मला आमच्या डोंगरातले पहिले पाहुणे आठवतात. तेव्हाही मोहाचेच दिवस होते. एक बाई, एक माणूस, गळ्यात दुर्बीण.

"डोंगर बघायला आलोय, मावशी."

नुसता डोंगर बघायला खालच्या खापर गावाहून इतकं वर कोण चढतं? मी मोठी शहाणी. वाटलं, सरकारी माणसं जंगलातलं आमचं शेत मोजायला आलीत, आता शेत हातचं जाणार. म्हणून शेत टाळून त्यांना काट्याकुट्यांतून भलत्याच कड्यावर नेलं.

खालच्या दऱ्या बघत बाई कड्यावरच बसली. मग म्हणाली, "तुम्ही रोज येत असाल ना इथं?"

जन्म या डोंगरात गेला, पण त्या कड्यावर मी पहिल्यांदाच आले होते.

"रोज," मी म्हणाले, आणि चोरून दरी बघून घेतली.