मंजूताईबरोबर जेवायची जागा शोधताना

डहाणूजवळच्या वरोरच्या मच्छीमार घरातली आमची मंजूताई मासे खात नव्हती. म्हणून स्वतःच्याच घरात ती एकटी जेवायची.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

२०१४ मध्ये माझी बदली कासाच्या सरकारी दवाखान्यात झाली. मी फार्मासिस्ट. लातूरची, जन्माची शाकाहारी. डहाणू रोडला खोली घेतली.
शेजारच्या खोलीत मंजूताई. आमच्याच दवाखान्यात सिस्टर.

सुरुवातीला माझं संध्याकाळचं जेवण म्हणजे चहा-बिस्किटं.
स्वयंपाक येत नव्हता असं नाही. एकटीसाठी कुकर लावणं जीवावर यायचं. आणि बाहेर बाई एकटी जेवायला बसली की अख्खं हॉटेल तिच्याकडे बघतं.

एकदा धीर करून हायवेवरच्या एका ढाब्यात शिरले.
"व्हेज आहे ना?"
"एकदम प्युअर व्हेज, मॅडम. फक्त ग्रेव्ही व्हेज-नॉनव्हेजची एकच असते."

हे सांगितलं तेव्हा मंजूताई पोट धरून हसली.
मग म्हणाली, "रविवारी तयार राहा. आपण दोघी शोधू."

तिची स्कूटी, मागे मी.
डहाणू, चारोटी, तलासरी. जिथे बोर्ड दिसेल तिथे थांबायचं.

गुजराती थाळी छान मिळायची, पण ताईला ती गोड डाळ जायची नाही. बाकी सगळीकडे तेच पनीर, तेच फ्रोझन मटार, थर्माकोलच्या प्लेट्स. हॉटेलच्या मागे त्याच प्लेट्सचा ढीग आणि त्यात तोंड घातलेली गाय.

ताई वेटरला विचारायची, "समोर वालाचं शेत आहे. वालाची भाजी का नाही करत?"
"वाल कोण खातो, सिस्टर?"
"मी खाते की! विचार ना मला!"

मासे का सोडले, हे तिने एकदाच सांगितलं. स्कूटी चालवताना, समोर बघत.
"मोठा भाऊ बोटीवर गेला, तो परत आलाच नाही. त्यानंतर घशाखाली उतरेना."

घरी कुणी तिला नावं ठेवली नाहीत. पण सगळ्यांचं जेवण एकीकडे आणि तिचं डाळभाताचं ताट आतल्या खोलीत. सुट्टीला घरी गेली तरी जेवायच्या आत निघून यायची.
"आईला वाईट वाटतं गं. मलाही वाटतं. पण कोण काय करणार?"

तलासरीच्या पुढे आतल्या रस्त्यावर सविता भेटली. ताडपत्रीची शेड, दोन-तीन बाकडी. चहा विकायची.
आत चुलीवर तिचं स्वतःचं जेवण शिजत होतं. ताईने वासावरून विचारलं, "काय केलंस?"
"आमच्या घरचं हाय बाय. उडदाचं वरण, नागलीची भाकर."
"आम्हाला वाढशील?"
सविता लाजली. "तुमाला चालंल?"

पळसाच्या पानावर वाढलं तिने. सोबत परसातल्या तोंडल्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा. पाणी माठातलं.
आम्ही दोघी पान पुसून जेवलो.
मग ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी येतो. जे शेतात असेल ते कर."

पावसात रानातली कंटोली, थंडीत वाल आणि कोनफळाचा कंद. जे नसेल ते नसेल.
मधे गिऱ्हाईक नाही म्हणून सविताचा नवरा चायनीजची गाडी लावायला निघाला होता. ताईने दवाखान्यातल्या सिस्टर आणल्या, शाळेतल्या बाई आणल्या. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा पत्ता सांगायची. चायनीजची गाडी लावायचं राहूनच गेलं.

२०१७ च्या एका रविवारी ती आईला घेऊन आली.
म्हातारी आधी बाकड्यावर बसेना. "मासळीबिगर कसलं जेवण," असं पुटपुटत होती. सविताने दोघींपुढे पानं मांडली. शेजारी शेजारी.

वालाची भाजी दोनदा मागून घेतली म्हातारीने.
मग हात थांबला. ताईच्या पानाकडे बघत राहिली.
"मंजू, किती वर्षांनी माझ्या बाजूला जेवलीस गं."

ताईने भाकरीचा तुकडा मोडून आईच्या पानात ठेवला.
मी उठून हात धुवायला गेले. तिथेच उभी राहिले थोडा वेळ.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी त्या दोघी तिथे यायच्या. कधी मी असायचे, कधी मुद्दाम जायचे नाही.

गेल्या वर्षी याच दिवशी सकाळी ड्युटीला निघताना ताईच्या छातीत कळ आली. वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात नेत होतो. माझ्या मांडीवर डोकं होतं. वाटेतच गेली.
लग्न केलं नव्हतं तिने. खोली मीच आवरून दिली.

वर्षभर मी सविताकडे फिरकले नाही. आज गेले.

आता पत्र्याची पक्की शेड आहे. बाहेर मुंबईच्या गाड्या. बसायला जागा नाही. सविताने मला बघितलं, पदर डोळ्यांना लावला, आणि परत वाढायला पळाली. तिला तरी वेळ कुठे होता.

एका कुटुंबाच्या बाकावर कोपऱ्यात जागा मिळाली. पानाचे फोटो काढून झाल्यावर त्यातल्या बाईंनी विचारलं, "इथे असं अजून काही चांगलं व्हेज आहे का हो?"

"फारसं नाही. हे आम्हाला सापडलं तेव्हा इथे कुणी येत नव्हतं."

"आम्हाला म्हणजे? मिस्टर पण आलेत का?" त्या माझ्या मागे बघायला लागल्या.

"नाही. मी एकटीच आहे."

त्यांनी मान हलवली आणि पोराला भाकरी मोडून द्यायला लागल्या.
मी पान संपवलं.

मंजूताई, जेवण चांगलं होतं.
तू नाहीस, याची अजून सवय झालेली नाही.
तुला मनापासून नमस्कार.