भूमितीच्या तासाला चिंचोके

तुपे सर गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. विट्याजवळच्या आमच्या जुन्या शाळेचा ग्रुप आहे. त्यावर पहिली श्रद्धांजली टाकली ती आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी. फुलांचा फोटो आणि खाली, ‘कल्पक भूमिती शिक्षक हरपला’. सांगलीतल्या माझ्या गॅलरीत उभी राहून मी ते वाचलं आणि तोंडात शिवी आली. मग आठवलं, शिवी द्यायची तर आधी स्वतःला द्यायला हवी.

आम्ही दोघं दहावीला गणित शिकवायचो. बीजगणित माझ्याकडे, भूमिती त्यांच्याकडे. संभाव्यतेचा धडा बीजगणितात, म्हणजे माझा. नाणं, फासा, पत्ते... पोरं उत्तरं पाठ करायची, मार्क मिळवायची, मीही खूश. एक दिवस भूमितीच्या तासाला सरांनी वर्ग मैदानात नेला. खो-खोच्या फक्कीनं मोठा चौरस आखला. त्याची खालची बाजू पाया धरून आत त्रिकोण काढला, टोक समोरच्या बाजूला टेकलेलं. पोरांच्या हातात मूठमूठ चिंचोके दिले. “डोळं मिटून टाका रं, आन् मोजा, चौकोनात पडल्याल्यातलं त्रिकोणात किती.” निम्म्याच्या आसपास आले. सरांनी टोक पार कोपऱ्याशी सरकवलं. पुन्हा निम्मे. एक मुलगी ओरडली, “सर, टोक त्या बाजूवर कुठंबी न्या, निम्मंच येणार! क्षेत्रफळ तेवढंच हाय की!” सर असे काही हसले की... जाऊ दे. मी व्हरांड्यातून बघत होते.

मी तोडूनच बोलले, “सर, हा धडा माझा आहे.” तर म्हणाले, “आवं बाई, तुमचाच. मी फकस्त जागा दावली. जिथं जागा लय, तिथं पडायची शक्यता लय. पोरास्नी एकदा डोळ्यांनी दिसू द्या की.” बरोबर होतं त्यांचं, म्हणूनच झोंबलं. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला पोरं फाशाचं उत्तर सांगून वर “पण का?” विचारायला लागली. मला सांगता येईना. तर म्हणतात कशी, “ऱ्हाऊ द्या बाई, तुपे सरांस्नी इचारतो.” अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

पुढच्याच महिन्यात कुणा पालकाची तक्रार आली, शाळेत चिंचोके टाकून जुगार शिकवतात म्हणे! संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आमच्याकडेच शिक्षक, त्याला दहावीचा वर्ग हवाच होता. मुख्याध्यापकांनी मला बोलावून कागद पुढं सरकवला. भूमितीच्या अभ्यासक्रमात संभाव्यता येते का, लेखी द्या. हे कशासाठी चाललंय ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मी लिहिलं, ‘येत नाही.’ एक अक्षर खोटं नाही. खाली सही केली.

सरांचा दहावीचा वर्ग गेला. निवृत्त होईपर्यंत पाचवी. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. व्हरांड्यात भेटले की “बरं हाय का बाई?” एवढंच. माणसानं एकदा तरी भांडावं की हो! पुढं मी सांगलीला आले. विट्याला लग्नांना गेले, बारशांना गेले... त्यांच्या दारात एकदाही नाही.

दिवसकार्य झाल्यावर गेले. तुपे वहिनींनी सरांचीच खुर्ची पुढं केली. त्यांना त्या कागदाचं ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. “रोज सांजच्याला हितं बसून नातीचा अभ्यास घ्यायचं,” वहिनी म्हणाल्या. “भूमिती घ्यायचं. नातीनं दुसऱ्या पुस्तकातला त्यो फाशा-पत्त्यांचा धडा काढला की पुस्तक मिटायचं. म्हनायचं, ते माझ्याकडं न्हाई.”

नात दहावीतली. पुस्तक घेऊन ती माझ्याजवळ आली. “तुमी सांगता का, बाई?” संभाव्यता. तिच्या वहीचं पान कोरं होतं. एक चौरस, एक त्रिकोण, एवढंच काढायचं होतं. वहिनी बघत होत्या. माझा हात उचलला गेला नाही.

“फाशाला सहा बाजू. म्हणून एक छेद सहा.”

“पण का?”

“सूत्र आहे ते,” मी म्हणाले. “पाठ कर.”

“बरं,” म्हणाली, आणि पाठ करायला लागली.